चिऊताईचं दार

सोसायटीच्या गणेशोत्सवात आमच्या घरानं काऊ-चिऊच्या गोष्टीवर संगीत बालनाट्य करायचं ठरवलं आणि चिऊताईसाठी माझी बिनविरोध निवड झाली. बायको म्हणाली, "मी घरात रोज तेच करते, वर स्टेजवर कशाला?" वहिनीनं फक्त नऊवारी देऊ केली. उरलो मी. दिलीप प्रभावळकरांनी 'अलबत्या गलबत्या'त चेटकीण गाजवली, बालगंधर्वांचे शालू बघून बायका नटायला शिकल्या, असे दाखले देत मी मनाची तयारी केली. मिशी काढायची मात्र तयारी होईना. मग पदर नाकाखालून घ्यायचं ठरलं.

पेटीवर आत्या. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं तेव्हापासूनचे संगीत नाटकाचे सगळे नियम तिला पाठ आहेत. राग मात्र दोनच येतात, भूप आणि भैरवी. भैरवी शेवटासाठी राखीव. त्यामुळे आमच्याकडे पाऊस भूपात पडायचा, कावळ्याचं घर भूपात वाहून जायचं आणि बाळाची अंघोळही भूपातच व्हायची.

गोष्ट सगळ्यांना लहानपणापासून पाठ, म्हणून सुधारणाही सगळ्यांच्याच. वहिनीच्या मते चिऊताई पक्की आप्पलपोटी. शेजारी दारात भिजतोय आणि ही बाळाला पावडर लावतेय! तापल्या तव्यावर बसवून कावळ्याचं बूड भाजणं आजच्या मुलांना दाखवू नये, असं पुतणीनं सुचवलं. कावळा दादा होता. त्यानं ताबडतोब अनुमोदन दिलं आणि तवा कापला गेला.

नेपथ्य मेव्हण्याकडे. थर्माकोलवर 2018 पासून बंदी, म्हणून मेणाचं घर फ्रिजच्या खोक्याचं केलं. पण मेव्हणा इंजिनिअर. त्यानं त्या पुठ्ठ्याला प्लायवूडचं दार बसवलं, बिजागऱ्या आणि कडीसकट. आत मी, नऊवारी आणि पाळणा एवढे मावल्यावर दार फिरायला जागाच उरेना, म्हणून ते बाहेर उघडणारं केलं. तालमीत झकास उघडायचं.

प्रयोगात नांदी झाली, पुतणीनं पत्र्यावर तांदूळ ओतून पाऊस पाडला, आणि काळा रेनकोट घातलेला दादा दोन छत्र्या फडफडवत आला. दार ठोठावलं. तालमीत तो एवढं करून उभा राहायचा. ऐन वेळी त्याला अभिनय सुचला. हंबरडा फोडून तो खाली बसला आणि नव्वद किलोंनिशी दाराला टेकला. टाळ्या पडल्या.

आत माझी अंघोळ, पावडर, काजळ, झबलं, तीट सगळं आटोपलं. कडी काढून दार ढकललं. हलेना. खांदा लावला. आतून धक्के येताहेत म्हणजे आपला प्रसंग रंगलाय, असं समजून दादा आणखी मोठ्यानं रडला. पदराला कॉलर माईक, त्यामुळे कुजबुजायची सोय नव्हती.

"थांब हं काऊदादा, बाळाला पोलिओचा डोस पाजते!" मी किंचाळलो. मग बाळाचं आधार कार्ड काढलं. बँकेची केवायसी केली. मोठी माणसं हसत होती, पण पुढच्या सतरंजीवरची मुलं खवळली. "उघड! उघड की!" असा गलका झाला आणि एका चिमुरडीनं मला उद्देशून मोदक फेकला. शेवटी मी गयावया करत म्हणालो, "काऊदादा, जरा बाजूला सरकून बस ना. दार बाहेर उघडतं रे!"

"नाही सरकणार!" दादा गरजला. "आज मी इथंच प्राण सोडणार!"

कंटाळून आत्यानं भैरवी सुरू केली. भैरवीनंतर काही करायचं नसतं, हे दादालाही ठाऊक. तो हात जोडून उठला. नेमका त्याच क्षणी मी सगळा जोर लावला होता. मी, दार, पाळणा आणि फ्रिजचं खोकं असे सगळे एकदमच पेटीवर गेलो.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, पण ते पावसाला.

आता मी पिशव्या घेऊन धावत लिफ्टपाशी पोचलो की आतली पोरं शांतपणे बटण दाबतात. "थांबा हं काका, बाळाला पावडर लावतोय."