डावीकडचा वायपर

जुलैमध्ये आंबोलीला जाणाऱ्याने पावसाबद्दल तक्रार करायची नसते, हे मला मान्य आहे. माझी तक्रार वायपरबद्दल आहे.

कोल्हापूरहून गडहिंग्लज, आजरा करत आलो तोवर दोन्ही वायपर शहाण्यासारखे हलत होते. आंबोली गाव मागे पडलं, उतार लागला, ढग बॉनेटवर येऊन बसला आणि माझ्या समोरचा वायपर काचेच्या तळाशी आडवा झाला. डावीकडचा, म्हणजे सौभाग्यवतींच्या समोरचा, मात्र दणक्यात चालू. मी एरवीही हिच्याच नजरेने जग बघतो असं हिच्या माहेरी बोललं जातं. त्या दिवशी त्यांच्या म्हणण्याला पुरावा मिळाला.

"अहो, उजवीकडे वळण. उजवीकडे! तुमच्या उजवीकडे!"

"तुझी उजवी वेगळी असते का?"

"बोलू नका, ट्रक आलाय. गेला. अगं बाई, काय सुंदर धबधबा!"

आंबोलीचा धबधबा मी असा ऐकला.

तिथेच टपरीशेजारी गाडी लावली. मागच्या सीटवर मेहुणा होता. इंजिनिअर, पण संगणकातला. "दाजी, फ्यूज उडालाय," असं जाहीर करून तो स्टिअरिंगखाली घुसला आणि निळे, पिवळे, लाल फ्यूज उपटून आतली तार उजेडाला धरून बघू लागला. सगळे ठणठणीत. फरक एकच पडला, गाडीतलं घड्याळ बारावर गेलं. टपरीवाल्याने तंबाखूची पुडी पुढे केली. ओली तंबाखू काचेवर चोळली की पाणी थेंब न धरता सपाट ओघळतं, हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय. मेहुण्याने ती उत्साहाने चोळली, ती डाव्या बाजूला.

वायपरचं पेटंट १९०३ साली अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईंनी घेतलं. न्यूयॉर्कच्या ट्रामचा चालक काच उघडून, बर्फाचा मारा खात गाडी हाकताना त्यांनी पाहिला होता. पुढे कॅनडातल्या एका कंपनीने त्यांना या वस्तूला बाजारात किंमत नाही असं कळवलं. हे मी हिला सांगितलं. "म्हणून माझ्या बाजूचा चालतोय," ही म्हणाली.

मागे एका टोळक्याने ऐन रस्त्यात गाडी उभी करून, दारं सताड उघडून गाणी लावली होती. रिकाम्या बाटल्या दरीत भिरकावणं चालू होतं. यांचे चारही टायर बसावेत असं मला मनापासून वाटलं.

शेवटी डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतलेला एक ट्रकवाला आला. त्याने वायपर हाताने हलवला, बुडाची काळी टोपी नखाने उचकटली, आत बोट घातलं. नट बोटाने फिरला.

"फ्यूज कशाला बघताय ओ साहेब? दोन्ही वायपर एकाच मोटारीवर. फ्यूज गेला असता तर वहिनींचा बी थांबला असता. खाली शाफ्ट फिरतोय, वर आर्म सुटलाय."

त्याने आर्म उचलून दाखवला. शाफ्टवर बारीक उभे दाते होते, त्यांच्या फटींत करडी भुकटी साठलेली. आर्मच्या भोकातले दाते झिजून त्यांचाच तो चुरा झाला होता. त्याने ते पुसलं, वायपर बंद करायला लावला, शाफ्ट आपल्या जागी थांबल्यावर आर्म आडवा बसवला आणि चौदाचा पाना लावला. मी छत्री शोधायला वळलो तर ही आधीच उतरली होती. छत्री त्या माणसाच्या हातांवर धरलेली, स्वतः नखशिखान्त भिजलेली, थंडीने ओठ निळे. मला काही बोलता आलं नाही. "बघत काय उभे राहिलात, चहा सांगा," ही म्हणाली.

ट्रकवाल्याने पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. सावंतवाडीत नवा आर्म टाकून घ्या म्हणाला. टाकला.

तेव्हा घाटात निघालेल्यांनो, दोन्ही वायपर थांबले तर आधी फ्यूज बघा. एकच थांबला तर बुडाची टोपी काढून नट बघा. आणि मेहुणा इंजिनिअर असेल तर त्याला भजी आणायला पाठवा.