सत्त्याऐंशीचा भागाकार

फाटक पडलं की लातूरचा माणूस गाडी बंद करतो, घाम पुसतो आणि मालगाडीला चार शिव्या हासडतो. नाना स्कूटर स्टँडला लावून फाटकाला चिकटून उभे राहतात. ओठ हलत असतात. नामस्मरण नव्हे, वाघिणी मोजणं चालू असतं. "बीसीएन... बीसीएन... ही बगा, हिचं दार बदललंय!" फाटक उघडतं, मागचे हॉर्न कोकलतात, आणि नाना अजून डायरीत दाराच्या कड्या काढत असतात.

जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढले. निवृत्तीनंतर त्याच हातांनी ते मालगाडीचे डबे बनवतात. प्रमाण एकास 87. इंजिनाला त्यांच्या लेखी किंमत नाही. "इंजिन काय, कुणीही विकत आणतो. डबा बनवावा लागतो." त्यातही जीव बार्शी लाइटवर. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही अडीच फुटी रेल्वे 1897 ला बार्शीला आली आणि 1911 ला लातूरला पोचली. गाडीचा भार सगळ्या चाकांवर सारखा वाटायचा आणि एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त टाकायचा नाही, हे त्याचं तत्त्व. हे तत्त्व पाहुण्याला चहाच्या आधी ऐकावं लागतं. ऐकताना नाना त्याला नजरेनं मापतात. "तुम्ही साधारण वीस मिलिमीटर."

लग्नाची पत्रिका आली की नाना आधी ती अंगठ्यात धरून वाकवून पाहतात. वधूवरांची नावं नंतर. "कागद झकास आहे. कुठं छापली?" पंधरा दिवसांत त्या लग्नाचा डबा झालेला असतो. पत्र्याच्या भिंतीवर रिव्हेट लागतात, म्हणून पत्रिका पालथी घालायची, खाली जुन्या रबरी चपलेचा तुकडा, आणि संपलेल्या बॉलपेनच्या टोकानं फूटपट्टीच्या कडेनं एकेक टिंब दाबत जायचं. सुलट केली की गणपतीच्या चित्राशेजारी बारीक पुटकुळ्यांची सरळ ओळ उठलेली. एक टिंब जरी वाकडं गेलं तरी अख्खी भिंत कचऱ्यात. शिडीला स्टेपलरच्या पिना, ब्रेकच्या नळीला रिफिल, गंजाला चहाचं पाणी. चाकं तेवढी बाहेरून येतात. ती घरात होत नाहीत याचं दुःख त्यांना आहे. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, नाही.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा लातुरात घोटभर पाण्यासाठी माणसं रात्री जागत होती. पहिल्या गाडीला दहा टाक्या, मिळून पाच लाख लिटर. पेट्रोलियमच्या त्या टाक्या कोट्याला आतून धुऊन पाठवलेल्या. स्टेशनवर कुणी हार घेऊन, कुणी कॅमेरा घेऊन. नाना टेप घेऊन. एका पोलिसानं हटकलं तर त्यालाच टेपचं दुसरं टोक धरायला दिलं म्हणे. घरी आले ते तरंगतच.

"एकेका टाकीत पन्नास हजार लिटर!"

"आपल्या घागरीत किती आलं?"

"ते टँकर येईल तेव्हा. शिडीला पायऱ्या किती आहेत सांगू का?"

काकूंनी घागर पुढ्यात आदळली. त्या टाकीचं मॉडेल पीव्हीसी पाइपातून झालं आणि ते अजूनही देवघराशेजारच्या फळीवर आहे. काकू पुसताना त्याला हात लावत नाहीत, आणि दुसऱ्या कुणाला लावूही देत नाहीत.

एवढे डबे झाले, पण रूळ नाहीत. "एवढा एक झाला की मग रूळ," हे वाक्य मी त्यांच्या नातीच्या बारशापासून ऐकतोय. नात आता दहावीला आहे.

रुळांचं घोडं नांदेडला अडलंय. तिथले एक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सरच म्हणतात, हेही याच पंथातले, पण मीटरगेजचे. गोदाकाठची निजामाची ती लाइन, उस्मानशाही मिल, कापसाच्या गाठी! रोज सकाळी दोघं एकमेकांना शुभ सकाळऐवजी फूटपट्टी लावलेल्या डब्याचा फोटो पाठवतात. दोघांनी मिळून एक मोठा देखावा करायचा ठरलंय. पण नानांच्या बार्शी लाइटच्या डब्याला नऊ मिलिमीटरचा रूळ लागतो, सरांच्या डब्याला बाराचा. "तुम्ही कामून बदलत नाही?" असं सर फोनवर विचारतात आणि नाना दोन दिवस फोन उचलत नाहीत.

शेवटी तोडगा निघाला. मधोमध मालधक्का. एका अंगाला लातूरची तूर, दुसऱ्या अंगाला नांदेडचा कापूस, आणि माल इकडून तिकडं टाकायला हमाल. हमालाचं डोकं 87 ने भागलं की बरोबर साबुदाण्याएवढं येतं. आषाढी एकादशीला काकूंनी डबा उघडला तर अर्धा साबुदाणा रंगवून वाळत घातलेला.

तेही मिटलं. सध्या हमाल दोन्ही बाजूंचे घ्यायचे की एकट्या लातूरचे, यावर बोलणी चालू आहेत.