एकट्याचा समुद्र

(रंगमंचावर एक स्टूल, एक पातेलं. माणूस लुंगी-बनियनवर, खांद्यावर दुपट्टा. येतो, प्रेक्षकांकडे संशयानं पाहतो.)

राजेहो, आपल्या नेरले समुद्र नाई. हे सांगाले बोलावलं काय, असं म्हनू नका. समुद्र त फलटनलेई नाई! अन् भारतीय मानसानं शिडाच्या बोटीत एकट्यानं पृथ्वीले चक्कर मारावी, हे खूय कोनाच्या डोक्शातलं? व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी. राहात होते विंचुर्णीले, फलटनजवय. मंग नेरवाल्याले काहून सुचू नये?

खूय आवटी सायबाचं, गेले कमांडर दिलीप दोंदे. बोट बनवली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरानं. त्याइनं याअगोदर अशी बोट बनवली नोती, दोंदेनं अशी चक्कर मारली नोती. दोघंई नवे! आपल्याकडे असे दोघं भेटले की पतसंस्था निघते.

बोटीचं नाव म्हादेई. लांबी 56 फूट. 19 ऑगस्ट 2009 ले मुंबईतून निघाले, 19 मे 2010 ले वापस. मंधात थांबे चार : फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाऊन. आपली यवतमाळची गाडी याच्याहून जास्त ठिकानी थांबते.

(अभिमानानं) अन् जगात पयल्यांदा एकट्यानं, न थांबता चक्कर मारली थो इंग्रज, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. 1969 ची गोष्ट. पन त्याची ‘सुहेली’ बनली कुठी? मुंबईत! सागवानी बोट! सागवान म्हटल्यावर आपल्या जिल्ह्याची छाती दोन इंच फुगलीच पाह्यजे.

म्या हे सारं वाचलं, अन् मले त्यातला एकच शब्द आवडला. एकटा! नऊ महिने कोनी म्हन्त नाई गॅस संपला. कोनी म्हन्त नाई, माह्या भावाच्या साय्याचं लग्न हाय. बायकोले म्हटलं, “मी जातो समुद्रात.”

थे तुरीची दाय निवडून राह्यली होती. मान वर नाई केली.

“जा. सैपाक कोन करन?”

“मीच.”

“गॅस कसा राह्यते थ्या बोटीत?”

आता हे मले ठाऊक होतं. (पातेलं दोन बोटांवर झुलवतो.) शेगडी दोनी बाजूनं खियीवर टांगली राह्यते. बोट इकडे कलली, बोट तिकडे कलली, शेगडी सपाटच. वरन सांडत नाई!

“अन् ताट?”

“ताट मांडीवर.”

“मांडी टांगली राह्यते काय?”

(पातेलं हळूच खाली ठेवतो.) 

“बरं, झोप?”

म्हटलं, एकट्यानं सलग झोपता येत नाई. मोठं जहाज येऊन धडकू शकते. म्हून घड्याळाचा गजर लावाचा, थोडं झोपाचं, उठाचं, वर जाऊन चारी बाजूनं पाहाचं, पुन्हा झोपाचं. बिछान्याच्या बाजूनं कापड बांधाचं, म्हन्जे बोट कलली त मानूस खाली पडत नाई.

थे म्हने, “म्हन्जे पायन्यात झोपसान अन् घडीघडी उठसान. हे म्या दोन लेकराइच्या येयी केलं. पेपरात कोनं छापलं?”

राजेहो, नौदलानंई इतका कडक इंटरव्ह्यू घेतला नसन.

“आंघोय?”

“खाऱ्या पान्यानं. पाऊस आला त गोड्या पान्यानं.”

“साबन लावला अन् पाऊस थांबला त?”

…

“इथी नय गेला त शेजारीन बादली देते. तिथी शेजारी कोन?”

म्हटलं, दक्षिण पॅसिफिकात पॉइंट निमो नावाची जागा हाय. कोनत्याई दिशेनं जा, जमीन कमीत कमी 2,688 किलोमीटर दूर. सर्वात जवयचा मानूस म्हन्जे डोक्शावरून अंतराळ स्थानक जाते नं, 400 किलोमीटर उंच, त्याच्यातला!

“तिथी कोन मरते जाऊन?”

“गेल्या नं! आपलीच बोट, ‘तारिणी’, थेई दांडेकराइनंच बनवलेली. 30 जानेवारी 2025 ले तिथून गेली. दोन बाया होत्या तिच्यात. लेफ्टनंट कमांडर दिलना के. अन् रूपा ए. गोव्यातून निघाल्या 2 ऑक्टोबर 2024 ले, वापस आल्या 29 मे ले.”

सूप खाली ठेवलं तिनं.

“दोघीच?”

“हाव.”

“आठ महिने? नवरा संगं नाई?”

“नाई.”

“सासू?”

“बोटीत कुठी राह्यते सासू!”

तिनं फोन उचलला अन् जाऊबाईले लावला. (डोक्यावर हात मारतो.) ज्या दोघी वाटनीपासून एकमेकीले बोलत नोत्या, थ्या आता रोज सांजच्याले ओट्यावर नकाशा पसरून बसते! केप हॉर्नचा वारा? चालते. कंबरेले पट्टा बांधून, बोटीले दोर अडकवून राहाचं? चालते. एक झोपली की दुसरीनं पहारा द्याचा? थेई चालते. भांडन कशावरून? अचारावरून! एक म्हन्ते लिंबाचं, एक म्हन्ते आंब्याचं.

काल म्या हयूच इचारलं, “अन् मी?”

बायको म्हने, “तुमाले एकटं राहाचं होतं नं? घर रिकामं हाय.”

“अन् सैपाक?”

“आपली शेगडी कलत नाई.”

(पातेल्यात पाहतो. मग विंगेकडे तोंड करून ओरडतो.) अवं, मीठ कुठी ठेवलं?

(अंधार.)