पाऊण मीटर खाली

डोंबिवलीत बैठं घर आणि मागे अंगण टिकवून असणाऱ्याकडे लोक आधीच संशयाने बघतात. त्या अंगणात मी सुतारकामाची शेड घातली, तेव्हा कोणी ब्र काढला नाही. तिथवर वीज न्यायची म्हटल्यावर मात्र अख्खी आळी इलेक्ट्रिकल इंजिनियर झाली.

"वरून ओढा की! खर्च वाचेल," हा पहिला सल्ला. पण वाटेत शेवगा. पावसाळ्यात त्याची फांदी पडायला वाऱ्याचं निमित्तही लागत नाही. म्हणून खालून.

"पाऊण मीटर," वायरमन म्हणाला. आयएस 1255 या भारतीय मानकातही लो व्होल्टेज केबलसाठी हीच खोली आहे. कुदळ पडली आणि प्रेक्षक जमले. आपल्याकडे रस्ते कायम खोदलेले, तरी दुसऱ्याच्या अंगणातला चर बघायची हौस काही भागत नाही. एका आजोबांनी तर थेट ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाऊस काढलं. रेल्वेने ते 1929 साली उभारलं, आणि तेव्हाची कामं कशी होती! ते वयाने त्या पॉवर हाऊसपेक्षा लहानच असावेत, पण बोलणं सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं.

चरातून नारळाच्या करवंट्या निघाल्या आणि एक स्टीलचा चमचा. "अहो, हा माझ्या सेटमधला! मी उगाच तुमच्या बहिणीवर संशय घेत होते," बायको म्हणाली. या चमच्याचा उल्लेख बहिणीकडे करायचा नाही, असं तिथल्या तिथे ठरलं.

तळाला वाळू, वाळूवर केबल, पुन्हा वाळू आणि वर विटांची रांग.

"विटा कशाला?"

"उद्या कोणी खणलं तर कुदळ आधी विटेला लागते. खणणारा समजून थांबतो."

"आणि आपल्याकडचा?"

"विटा घरी नेतो," वायरमन शांतपणे म्हणाला. "म्हणून तर केबल आर्मर्ड घेतली."

विटांवर थोडी माती आणि मग धोक्याची लाल पट्टी. अर्थिंगच्या खड्ड्यासाठी कोळसा आणि मिठाचं पोतं आलं, तेव्हा "लोणचं घालताय का?" असं कुंपणावरून विचारून झालं. शेडमध्ये गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपियरचा ईएलसीबी बसला. त्याच्या पैशांत मी घासाघीस केली नाही. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून रंधा चालवणाऱ्याने करूही नये.

तुम्हीही चर खणणार असाल, तर लायसन्सवाला वायरमन बोलवा. बुजवण्याआधी फोटो काढा, भिंतीपासूनची अंतरं कागदावर लिहा आणि तो कागद मीटरच्या पेटीत ठेवा. विटा मात्र चार जास्तच आणा.