पोच द्या, मग आठ्या घाला

साहेबांना एकदा अर्ज दिला, आता परत विचारलं तर बरं दिसेल का? मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर भागात भलीभली माणसं या संकोचात अडकलेली असतात. शिकलेली पोरंही मेल टाकतात आणि महिनोन्‌महिने वाट बघत बसतात. टेबलापलीकडे दुसरा मेल पोचला की तिथे कपाळाला आठ्या. 'एकदा दिलं ना? मग कशाला डोकं खाता?' विचारणाऱ्याला लाज आणि उत्तर देणाऱ्याला राग. काम मात्र जागच्या जागी.

मध्य प्रदेशाने 2010 सालीच लोकसेवा हमीचा कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. ठरलेल्या सेवांना त्यात दिवस नेमून दिले आहेत आणि काम कधीपर्यंत व्हायचं ती तारीख लोकसेवा केंद्राच्या पावतीवरच असते. तारीख उलटली की पहिलं अपील, मग दुसरं. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 5000 रुपये दंड होऊ शकतो. माहिती अधिकारात मुदत 30 दिवसांची. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर 2024 पासून 21 दिवसांची. कधी विचारायचं हे कायद्यानेच ठरवून दिलं असताना मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी गेलेलं स्मरणपत्र उद्धट कसं? उद्धट तो, जो पत्र वाचून गप्प बसतो.

सकाळी मेल, दुपारी फोन, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर 'सर, क्या हुआ?' हाही छळच आहे, आणि तो करणारे आपल्यात कमी नाहीत. मुदत संपू द्या. मग जुन्याच मेलखाली पावतीचा नंबर, अर्जाची तारीख आणि मागणी एवढंच लिहा. हिंदीत लिहायला अडतं म्हणून कुणी थांबत असेल तर त्याने मराठीत लिहावं. आपलं गाऱ्हाणं देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडायचा हक्क राज्यघटनेच्या 350व्या कलमाने दिला आहे. घरात मराठी बोलणाऱ्या पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींत हे कलम प्रत्येक कचेरीच्या भिंतीवर लागायला हवं.

2023 साली छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर वेगळे काढून नवा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्यांना जुन्या खोडी लागायच्या आत एक नियम करून टाकावा: आलेल्या प्रत्येक मेलला त्याच दिवशी पोच. 'मिळाला, अमुक तारखेपर्यंत कळवतो', एवढी एक ओळ पुरे. खासदाराच्या पत्राची पोच 15 दिवसांत आणि त्यापुढच्या 15 दिवसांत उत्तर, असा दंडक केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीत लिहिलेला आहे. संत्र्याच्या बागेचं नुकसान कळवणाऱ्या शेतकऱ्याचं पत्र त्याहून हलकं नाही. त्यालाही पोच मिळालीच पाहिजे.