अडीच इंचांची साधना

क्लॅरिनेट शिकणाऱ्याला लोक फार वाईट सल्ले देतात. रोज लांब सूर लाव, रीड नीट निवडून घे, ओठांची पकड सुधार, जमलं तर बरा गुरू गाठ. या सगळ्यांत एक मोठी खोट आहे : यातलं काहीही कुरिअरने घरी येत नाही. बॅरल येतं.

बॅरल म्हणजे माउथपीस आणि वाद्याचा वरचा भाग यांच्यामध्ये बसणारी पिंपाच्या आकाराची नळी. अख्खं वाद्य दोन फुटांहून थोडं लांब, त्यात हे जेमतेम अडीच इंच. त्याला ना भोक, ना चावी, ना बोट टेकायला जागा. वादकाला तिथे काहीच करावं लागत नाही; साहजिकच सुधारणेला सगळ्यात जास्त वाव तिथेच आहे.

अरसिक मंडळी बॅरलचा उपयोग सूर जुळवायला करतात. सूर चढा लागला की ते किंचित बाहेर ओढायचं. नळी लांबते, सूर उतरतो. ६६ मिलिमीटरच्या जागी ६५चं लावलं की चढतो. शिवाय क्लॅरिनेटची एक खोड आहे : डाव्या अंगठ्याची चावी दाबली की सूर सप्तकभर वर जात नाही, ‘सा’वरून उडी मारतो ती थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर. ही उडी नेमकी पडावी म्हणून बॅरलचं आतलं छिद्र खाली जाताना किंचित निमुळतं करतात. फिलाडेल्फियाच्या हान्स मोएनिग या कारागिराचं नाव अशा बॅरलशी कायमचं जोडलं गेलं आहे. हे सगळं खरं आहे, मोजूनही दाखवता येतं, आणि म्हणूनच त्यात गप्पा मारण्यासारखं काही उरत नाही.

खरा ध्यास असतो ‘गडद’ सुराचा. गडद, गोल, मधाळ, आणि फारच पोचलेला माणूस असेल तर ‘मध्यभागी गाभा असलेला’. हा गाभा लाकडात असतो. नेहमीचं क्लॅरिनेट टांझानिया-मोझांबिककडच्या काळ्या लाकडाचं, म्हणजे आपल्या शिसवीच्या आफ्रिकी चुलतभावाचं. पण दर्दी माणूस कोकोबोलोकडे वळतो. तेही त्याच कुळातलं, मध्य अमेरिकेतलं, मात्र तांबूस. तांबूस लाकडातून ऊबदार सूर निघतो, हे तर नुसतं बघूनच कळतं. जॉन बॅकस नावाच्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ साली प्रयोग करून दाखवलं, की सूर घडतो तो आतल्या हवेच्या कंपनातून. नळीच्या भिंतीची थरथर इतकी क्षीण असते की तिचा आवाजात हिशेब धरायचं कारण नाही. बॅकस यांनी कंपनं मोजली. पैसे मोजले असते तर निष्कर्ष वेगळा आला असता.

निवड करायची रीत ठरलेली आहे. टेबलावर टॉवेल पसरून चार बॅरल ओळीने मांडायची. सांध्याच्या कॉर्कला ग्रीस चोळून पहिलं चढवायचं आणि डोळे मिटून खालचा एक सूर धरायचा. पहिलं बॅरल निस्तेजच लागतं. वाद्य गार असतं, त्यामुळे सूर उतरलेला, रीड धड भिजलेली नाही. पण असल्या क्षुल्लक कारणांत अडकू नये. तिसऱ्यापर्यंत फुंकून फुंकून नळी तापते, सूर चढून जागेवर येतो, ओठ सैलावतात, आणि नेमकं त्याच क्षणी तिसऱ्या बॅरलचं लाकूड बोलू लागतं. तेच घ्यावं. शेजारच्या खोलीतल्या माणसाला मात्र ‘फरक कळला का?’ असं विचारू नये. तो ‘कधी बदललंस?’ असं विचारतो.

नाचता येईना अंगण वाकडे, म्हणून आपल्याकडे त्या नाचणारणीची पिढ्यान्‌पिढ्या टिंगल झाली. तिच्या बाजूने कुणी अंगण बदलून बघितलं नाही, एवढंच. क्लॅरिनेटवाल्यांनी ते करून दाखवलं, आणि अंगण शिसवीच्या कुळातलं हवं हेही ठरवलं.

लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला या सुखाला पारखा आहे. त्याच्याकडे एकच बॅरल. कॉर्क झिजला तर सांध्यावर दोरा गुंडाळायचा, थुंकी लावून घट्ट करायचं आणि वरातीपुढे चालू लागायचं. ताशांच्या कल्लोळातून त्याचा सूर गल्लीच्या टोकाला पोचतो खरा. पण तो गडद आहे की गोल, याचा विचार त्या बिचाऱ्याने केलेलाच नसतो.

बॅरल ठरलं की पुढची पायरी बेलची, म्हणजे वाद्याच्या तळाशी असलेल्या कर्ण्यासारख्या तोंडाची. बहुतेक सूर तिच्यापर्यंत जातच नाहीत, वाटेतल्या उघड्या भोकांतूनच बाहेर पडतात. बेलच्या वाट्याला येतात ते अगदी तळाचा सूर आणि पंचमाच्या उडीने गाठलेला त्याचा जोडीदार. एवढ्यासाठी कोकोबोलोची बेल मागवणाऱ्याला माझा साष्टांग दंडवत. फक्त ती बॅरलच्याच लाकडाची घ्यावी. जुळली नाही, तर बॅरल पुन्हा बघावं लागेल.