न झालेल्या सामन्यांसाठी भांडावं कसं

नवख्या माणसाने आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवावी. आपण ज्या खेळाडूसाठी भांडणार आहोत, त्याने यातलं काहीही केलेलं नाही. नाव खरं, जन्मसाल खरं, डावखुरा असेल तर तेही खरं. कारकीर्द तेवढी लीगच्या कमिशनरच्या लॅपटॉपवर झालेली. ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’सारखा खेळ घ्यायचा, १९०१ पासून लीग सुरू करायची, अमेरिकेतले खरे खेळाडू त्यांच्या त्यांच्या साली आत सोडायचे आणि वीसेक रिकामटेकड्यांनी एकेक संघ वाटून घ्यायचा. आठवड्याला एक हंगाम धरला तर शतक दोन वर्षांत उरकतं. मग निवृत्तांपैकी हॉल ऑफ फेममध्ये कोणाला बसवायचं यावर रणधुमाळी. इथे बाजारात तुरी नाहीत एवढंच नव्हे, बाजारही नाही. म्हणून आवाज खाली आणू नये.

नियम बहुतेक लीग कूपर्सटाउनच्या खऱ्या हॉलवरून उचलतात. निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबायचं, ७५ टक्के मतं मिळवायची. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावं. दहा वर्षांत जमलं नाही, किंवा मधेच ५ टक्क्यांच्या खाली घसरलात, तर नाव कटलं. तुमच्या लीगमध्ये एक जण हटकून सर्वांत थोर माणसाच्या विरोधात मत देईल. त्याच्याशी हुज्जत घालू नका, तो घराण्याची परंपरा चालवतोय. १९३६ च्या पहिल्या निवडणुकीत २२६ पैकी २२२ मतं टाय कॉबला पडली, बेब रूथला २१५. म्हणजे रूथ नको म्हणणारे ११ जण त्या काळीही होतेच.

आता युक्तिवाद. ‘मी त्याला खेळताना पाहिलंय’ हा क्रिकेटच्या कट्ट्यावरचा हुकमी एक्का इथे चालत नाही असं तुम्हाला वाटेल. चालतो. कोणीही काहीही पाहिलेलं नसतं, सगळ्यांनी सकाळी धावफलक वाचलेला असतो. तरी ‘१९३४ ची सातवी मॅच आठवते ना?’ असं कोणी विचारलं की डोळे किंचित मिटून मान डोलवायची. ‘वॉर’ नावाचा आकडाही तोंडात असू द्यावा. बदली म्हणून आणलेल्या साध्या खेळाडूपेक्षा याने किती विजय जास्त मिळवून दिले, ते तो सांगतो. तो नेमका काढतात कसा, असं कोणी विचारलंच तर चहा ठेवायला उठावं.

नवखे हमखास पडतात ते होम रनच्या खड्ड्यात. समोरच्याचे ५०० आणि आपल्याचे ९० बघून माघार घेतात. फ्रँक बेकरला लोक ‘होम रन बेकर’ म्हणायचे. १९११ मध्ये त्याने ११ होम रन मारले आणि त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये तेच सर्वांत जास्त होते. उभ्या कारकिर्दीत ९६. तेव्हाचा चेंडूच मऊ, मळका आणि फाटेपर्यंत वापरलेला. तेव्हा आकडा कोणत्या सालचा, हे आधी विचारा आणि मगच घाबरा.

खरी मारामारी होते ती सेटिंगवरून. आमच्या लीगमधला हर्ब स्कोरचा खटला सांगतो. क्लीव्हलंडचा हा डावखुरा पिचर. १९५५ च्या पहिल्याच हंगामात २४५ स्ट्राइकआउट, पुढच्या वर्षी २६३ आणि २० विजय. ७ मे १९५७ ला गिल मॅक्डूगल्डने मारलेला चेंडू सरळ त्याच्या डोळ्यावर आला. स्कोर स्वतः पुढे म्हणे की दोष त्या चेंडूचा नाही, नंतरच्या वर्षी दुखावलेल्या कोपराचा. काही असो, एकूण विजय ५५ वर थांबले. पण कॉम्प्युटरला मॅक्डूगल्डचा चेंडू ठाऊक नाही. आमच्याकडे स्कोर अडतिसाव्या वर्षापर्यंत फेकत राहिला आणि २३८ सामने जिंकला.

विरोधक म्हणाले, दुखापतींचं सेटिंग कमी ठेवलं होतं, म्हणून टिकला. मी म्हणालो, सेटिंग सर्वांना सारखंच होतं. मग कोणीतरी काढलं की खेळाडूंची ताकद दरवर्षी खऱ्या आकड्यांवरून नव्याने मोजली असती, तर चेंडू न लागताही याचा हात १९५७ नंतर उतरलाच असता. यावर उत्तर नव्हतं, म्हणून मी आवाज वाढवला. नवख्यांनी हे टिपून ठेवावं.

एका नावापाशी मात्र मला थट्टा सुचत नाही. जॉश गिब्सन २० जानेवारी १९४७ ला गेला आणि १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन गोऱ्यांच्या लीगमध्ये उतरला. तीन महिन्यांचंही अंतर नाही. आमच्या कमिशनरने कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी दार १९३० मध्येच उघडलं होतं. गिब्सन मतपत्रिकेवर आला तेव्हा दोघांनी त्याच्या कॅचिंगमधल्या चुका काढल्या, एकाने तो शेवटी रेंगाळला म्हणून नाक मुरडलं. इतरांसारखीच चिरफाड झाली. मला ते फार बरं वाटलं. तो पहिल्याच वर्षी निवडून आला.

निकालाच्या वेळेचं सांगायचं राहिलं. कमिशनर तिकडे रात्री जेवण आटोपून निकाल लावतो, तेव्हा पुण्यात पहाट असते. फोन उशाशी ठेवावा, चेहरा मात्र आवरता आला पाहिजे. यंदा स्कोरला ७३ टक्के मिळाले. चौथं वर्ष, एखादं मत कमी पडलं असेल. मी पलंगाच्या कडेला बसून होतो. आई दूध तापवत होती, माझ्याकडे बघून तिने गॅस बारीक केला.

‘‘कोण गेलं रे?’’

‘‘कोणी नाही गेलं,’’ मी म्हणालो. ‘‘तेच तर.’’